सहीपुरती शहाणी

"आमची आक्का आता ठणठणीत बरी झाली, ताई. आता तिला हितं ठेवून घेऊ नका," हिंदुराव म्हणाला आणि त्यानं पेढ्यांचा पुडा नलिनीताईंच्या टेबलावर ठेवला.

मी बाहेर पडवीत तूर निवडत बसले होते. सूप हातातच राहिलं.

हिंदुराव माझा पाठचा भाऊ. मी त्याला कडेवर घेऊन वाढवला. त्याच्या तोंडून हे ऐकायला मी किती वर्षं कान लावून बसले होते ते माझं मला ठाऊक. माझं लेकरू गेलं त्या साली माझं डोकं फिरलं. नवऱ्यानं माहेरी आणून घातलं आणि माहेरच्यांनी मोठ्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टरांनी पुढं कितीदा तरी कळवलं, बाई सुधारली आहे, घेऊन जा. दर वेळी हिंदुरावचं उत्तर ठरलेलं : ती मारकी आहे, घरात लहान पोरं आहेत. मारकी! मारक्या म्हशीला तरी कुणीतरी दोरी सोडून चरायला नेतं. मी उभ्या जन्मात एक तांब्या भिंतीवर फेकला होता. तोही भिंतीवरच.

शेवटी इस्पितळानं मला केंद्रात पाठवलं. केंद्र म्हणजे मिरजेच्या बाहेर एक भाड्याचा जुना बंगला. त्यात आम्ही वीसेक बाया-माणसं. सगळी माझ्यासारखी, इस्पितळातून सुटलेली आणि घरानं न नेलेली. नलिनीताई ते चालवायच्या. बुटकी बाई, आवाज मात्र घणासारखा.

इस्पितळात रोज सकाळी एकच प्रश्न असायचा. गोळी गिळली का? जीभ दाखव. इथं गोळ्या होत्याच, पण त्या जेवणातल्या मिठाइतक्या. ताई विचारायच्या, झोप कशी लागली? काल फिरायला कुणाबरोबर गेलीस? पोट साफ आहे का? मशेरी सुटली का? गोळ्यांनी अंग सुटतं, साखर वाढते, म्हणून आठवड्याला वजन, तळ्यापर्यंत चालणं, गोड कमी. शिवाय प्रत्येकानं हाताला एक काम धरायचं आणि केंद्राबाहेरचा एक तरी माणूस ओळखीचा करायचा. माझा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला. त्याच्याशी मी रोज भांडायचे आणि ताई म्हणायच्या, भांडणही चालेल.

"आजाराचं डॉक्टर बघतील," त्या म्हणायच्या. "आजार असतानाच चांगलं कसं जगायचं ते आपण बघायचं."

माझा आजार म्हणजे माझी सासू. तिला जाऊन जमाना झाला, पण माझ्या कानातून ती काही गेली नाही. इस्पितळात ती दिवसभर बोलायची. भाकरी करपवलीस, पोर मारलंस, मर एकदाची. केंद्रात ताईंनी मला एक रीत शिकवली. आवाजाशी झोंबायचं नाही, त्याला वेळ द्यायची. मी सासूला चारची वेळ दिली. सकाळी आली की म्हणायचे, आत्ता स्वयंपाक आहे, चारला या. आधी नाही ऐकायची. मग ऐकायला लागली. चारला मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायचे आणि ती काय बोलायची ते बोलून घ्यायची.

"काय गं आक्का, सासू आली का चहाला?" मेहरून विचारायची. "साखर टाकू का तिला?"

मेहरून माझी जोडीदारीण. तिला वाटायचं की बाजारातली सगळी माणसं तिच्याबद्दलच बोलतात. मी तिला सांगायचे, बये, तू काय एवढी देखणी आहेस का? मग ती हसायची. माझं बिघडायला लागलं की मी धुतलेली भांडी परत परत धुते. मेहरून नुसतं म्हणायची, "आक्का, स्वच्छ हायत भांडी," की मी ओळखायचे आणि आपण होऊन ताईंना सांगायचे. असं आमचं चाललं होतं. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं. शिवाय आमच्यातलेच एक गुरुजी होते, त्यांच्याकडून पन्नाशी उलटल्यावर मी अक्षरं शिकले. आधी स्वतःचं नाव. हौसाबाई. 'हौ' लिहायला मला फार त्रास झाला.

तर हिंदुराव आला आणि म्हणाला, आक्का बरी झाली.

ताई म्हणाल्या, "बरी आहे हे आम्ही तुम्हाला दर दिवाळीला कळवतो. गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, घर लहान आहे."

"नवं बांधलं की. स्लॅबचं." हिंदुराव हसला. "फकस्त एक करा. डॉक्टरचा एक कागद द्या. ती शहाणी हाय, तिचं तिला कळतंय, असा."

"घरी न्यायला कागद कशाला?"

"गाव वंगाळ असतंय ताई. लोक म्हणत्यात, वेड्या बाईला आणली. कागद असला म्हंजे तोंडावर मारता येतोय. आमच्या घरातलीबी जरा भित्री हाय."

ताई उठल्या. मग पडवीत आल्या आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

"हौसाक्का, ऐकलंत ना? जायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. मी नाही, ते नाही."

"जायाचं," मी म्हटलं. विचार करायला मला सूप खाली ठेवायचीही गरज वाटली नाही.

मला घरी जाऊन काय करायचं होतं? काही नाही. आपल्या चुलीपुढं बसून एक भाकरी खायची, कुणाला न विचारता. केंद्र चांगलंच होतं. पण केंद्र ते केंद्र. तिथं आल्यावर पहिल्या दिवशी ताईंनी प्रत्येकाला विचारलं होतं, तुमच्या लेखी बरं होणं म्हणजे काय? कुणी म्हणालं, नोकरी. कुणी म्हणालं, आवाज बंद. मी म्हटलं होतं, घर.

डॉक्टर निंबाळकर आठवड्यातून एकदा यायचे. त्यांनी मला तासभर बसवलं. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, बाजारात पिशवी सापडली तर काय कराल. मग म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा.

"सात कुठं गेले? कुणी नेले?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. "आवाज येतात अजून?"

"येतात. पण बस म्हटल्याशिवाय बसत न्हाईत."

त्यांनी कागद लिहिला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवला. यांचा आजार ताब्यात आहे, यांना स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात. असं माझ्याबद्दल कुणी लिहिलं होतं, आणि तेही शिक्का मारून. मी तो कागद जरा वेळ हातात मागून घेतला.

केंद्रात एक रिवाज होता. जो घरी जाईल त्यानं आदल्या दिवशी सगळ्यांना आपल्या हातचं जेवण घालायचं आणि आपलं काम सगळ्यांच्या देखत दुसऱ्याच्या हवाली करायचं. मी हुलग्याचं माडगं केलं, भाकऱ्या थापल्या, खरडा वाटला. मग पंगतीतच उलथनं मेहरूनच्या हातात दिलं. ती रडली आणि लगेच म्हणाली, "उद्यापास्नं मीठ बरोबर पडंल तरी."

सकाळी हिंदुराव जीप घेऊन आला. बरोबर नवी साडी. मोरपंखी, काठाची, चोळीच्या खणासकट.

"ही नेस आक्का. बहिणीला साडी न्हाई तर भाऊ कसला?"

मी साडी नेसले. मेहरूननं निऱ्या धरल्या. माझी ट्रंक दाराशी होतीच. हिंदुरावनं ती बघितली आणि म्हणाला, "ती राहू दे. गाडीत जागा न्हाई. मागनं न्यू."

"जीप तर रिकामीच हाय," मेहरून म्हणाली.

"वाटेत माणसं घ्यायचीत."

मेहरूननं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. माणसाला जे नको असतं ते तो बघत नाही. त्याला वेड म्हणत नाहीत, हे त्यातलं नवल.

वाटेत एकच माणूस घेतला. काळा कोट, काखेत फायली. हिंदुरावनं सांगितलं, हे साळुंखे वकील, तालुक्यापर्यंत येणार आहेत. वकील माझ्याशी फार गोड बोलले. मावशी, पाणी पाहिजे का, मावशी, काच वर घेऊ का. इतकं गोड वागायची मला सवय नव्हती. मी आपली बाहेर बघत राहिले. आमच्या मुलखात आले तशा डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसायला लागल्या. मी गेले तेव्हा त्या नव्हत्या. पांढऱ्याफेक, एवढाल्या.

"आपल्या माळावर पण येणार हायत का रं ह्या?"

"येतील की," हिंदुराव म्हणाला. "कंपनीवाल्यांचं बोलणं चाललंय."

आमचा माळ म्हणजे नुसता दगड. हुलगा आणि मटकी, तीही पाऊस झाला तर. बाप म्हणायचा, ह्या माळाला कुत्रं मुतत नाही.

जीप गावाकडच्या फाट्याला वळली नाही. ती सरळ तालुक्याच्या बाजारात गेली आणि एका सरकारी इमारतीपुढं थांबली.

"हितं काय?"

"जरा काम हाय आक्का. दोन मिंटं. मग जायाचं."

आत एक लांब खोली, काचेच्या पलीकडं साहेब, त्याच्यापुढं संगणक आणि तोंडाकडं वळवलेला छोटा कॅमेरा. अलीकडं लाकडी बाक. बाकावर बाया बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी टेकले आणि मला कसंतरी व्हायला लागलं. का ते आधी कळेना. मग दिसलं. सगळ्यांच्या अंगावर नव्या साड्या. कुणाची हिरवी, कुणाची डाळिंबी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या मागं एक भाऊ उभा, कुणाचे दोन. लग्न नाही, सण नाही, सरकारी कचेरीत सकाळच्या पारी एवढ्या नव्या साड्या कशाला?

डाळिंबी साडीवाली माझ्याच वयाची होती. तिनं माझ्या पदराला हात लावला.

"चांगली हाय की गं. माझ्या भावानं बघ, पातळ आणलीय. तुझीबी हक्कसोडच का?"

"न्हाई बया. मी घरला निघालेय."

"मग हितं कशाला बसलीस?"

हक्कसोड मला ठाऊक होती. आमच्याकडची जुनी चाल. बाप मेला की बहिणींची नावं जमिनीला लागतात. मग भाऊ साडीचोळी घेतो, बहीण कागदावर सही करते, माझा हक्क मी राजीखुशीनं सोडला. न सोडणाऱ्या बहिणीला माहेरचा उंबरा बंद. चांगल्याचुंगल्या घरच्या बायाही हसत करतात आणि घरी जाऊन रडतात. माझं नाव बापाच्या जमिनीला लागलं होतं हेच मला माहीत नव्हतं. वेड्या माणसाचं नाव कुठं असतं, इस्पितळाच्या रजिस्टरात, असं मी धरून चालले होते.

मी हिंदुरावला हाक मारली. "हिंदू, मलाबी सही करायचीय का?"

त्यानं वकिलाकडं बघितलं. मग तो माझ्या पायाशी उकिडवा बसला. लहानपणी बसायचा तसाच.

"आक्का, कंपनीला माळ पायजे. समद्या वारसांची नावं हायत, तुझं नाव असलं की कंपनीवालं अडून बसत्यात. तुला काय करायचाय तो माळ? दगड नुसता. तू आणि मी काय येगळं हाय का?"

"न्हाई," मी म्हटलं.

"मग?"

आणि खरं सांगते, मी करणार होते. माळ जाईना का चुलीत. मला घर पाहिजे होतं. साहेबापुढं जाऊन, गुरुजींनी शिकवली तशी सही करायची आणि घरी जायचं. त्यातल्या त्यात एक सल होता. एवढ्या कष्टानं नाव लिहायला शिकले, ते पहिल्यांदा चारचौघांत लिहायचं ते कशासाठी, तर नाव काढून टाकायला. पण तेही मी गिळलं.

तेवढ्यात वकील घड्याळ बघून म्हणाले, "हिंदुराव, आपला नंबर लवकर लावून घेतो. मावशींना परत मिरजेला सोडायचंय ना? त्यांचं गेट संध्याकाळी बंद होतं म्हणालात."

वकिलाच्या मनात काही नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की माझ्यापासून काय लपवायचं आहे.

मी हिंदुरावकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

ट्रंक. जीप रिकामी होती.

मग सासू आली. चार वाजले नव्हते तरी आली. कर सही, मेले, ती म्हणाली, कर आणि जा खड्ड्यात, तुला कोण घरात घेणार? इकडं वकील म्हणतोय, मावशी चला. भाऊ म्हणतोय, आक्का चल. सासू म्हणतेय, कर सही. जिवंत आणि मेलेली, सगळी एका बाजूला. मी मनात म्हटलं, आत्याबाई, चारला या, आत्ता मला काम आहे. आणि उठले.

काचेपलीकडच्या साहेबानं डॉक्टरचा कागद वाचला. मग मला न्याहाळलं. केसांपासून चपलांपर्यंत. डाळिंबी साडीवालीला त्यानं असं न्याहाळलं नव्हतं.

"हौसाबाई तुम्हीच का?"

"व्हय."

"भावाच्या नावे हक्क सोडताय. त्याबद्दल काही घेतलेलं नाही. बरोबर? कुणाची जबरदस्ती नाही ना? राजीखुशीनं?"

"साहेब, एक इचारू का भावाला?"

"लवकर."

"हिंदू, सही झाल्यावर गाडी कुठं जाणार?"

"आगं, सही तर कर आदी."

"गाडी कुठं जाणार?"

"आक्का, तमाशा करू नगंस. सवडीनं न्हेणारच हाय की तुला. पोरीचं लगीन ठरतंय, पावणं येत्यात, त्यात तू..."

"त्यात मी काय?"

मी साहेबाकडं वळले. आवाज चढू दिला नाही. माझ्यासारख्या माणसाला आवाज चढवायची परवानगी नसते, हे मी इस्पितळात शिकले होते. शहाण्या माणसाला राग येतो. आम्हाला झटका येतो. आणि झटक्याला सुई असते.

"साहेब, माझी खुशी न्हाई. मी हक्क सोडत न्हाई."

मग हिंदुराव फुटला.

"झटका आला! साहेब, झटका आलाय तिला! वेडी हाय ती! उभा जलम वेड्यांच्या इस्पितळात काढलाय, तिचं काय ऐकताय!" त्यानं काचेखालच्या फटीतून हक्कसोडीचे कागद ओढले, ते फाटले. खुर्ची लाथेनं उडवली, ती जाऊन बाकावर आपटली, बाया किंचाळून उठल्या. तो माझ्यापुढं येऊन दोन्ही हात नाचवत ओरडत होता, तोंडाला फेस आला होता. "साडी घेतली, गाडी केली, वकील लावला, आणि ही, ही..."

"अरे, धरा, धरा!" साहेब ओरडला.

दाराशी शिपाई होता. धिप्पाड गडी. तो धावत आला आणि त्यानं माझे दोन्ही दंड मागून पकडले.

माझे!

मी हललेली नव्हते. माझे हात पदरात होते. पण त्या शिपायाला कुणी सांगावं लागलं नाही की कुणाला धरायचं. त्यानं 'वेडी' हा शब्द ऐकला होता, तेवढं पुरे. बोटं अशी रुतली की पुढं कितीतरी दिवस काळेनिळे वळ होते. आज मी म्हातारी झाले, सगळं विसरायला लागले, पण ती बोटं विसरले नाही. सांगताना आजही माझ्या अंगाची आग होते, आणि होऊ दे. हा झटका नाही.

"साहेब," मी म्हटलं, "ओरडतंय कोण, आन् धरलंय कुणाला?"

साहेबानं माझ्याकडं बघितलं, हिंदुरावकडं बघितलं.

"मगाशी ह्यानंच तुमाला डॉक्टरचा कागद दिला. मी शहाणी हाय म्हणून. आता म्हणतोय वेडी. तुमीच सांगा, मी कवापास्नं वेडी झाले? न्हाई म्हणल्यापास्नं?"

"डॉक्टरला काय कळतंय!" हिंदुराव ओरडला.

"मग ह्या खोलीत शहाणी असल्याचा कागद माझ्या एकटीपाशीच हाय," मी म्हटलं. "तुझ्याकडं हाय का रं हिंदू? साहेब, तुमच्याकडं हाय?"

बाकावर कुणीतरी हसलं. साहेब मात्र हसला नाही. त्याला काही पाझर फुटला असं कुणी समजू नये. त्यानं फाटका कागद बाजूला सारला, म्हणाला, "दस्त होणार नाही. तुमचं घरगुती भांडण बाहेर न्या. पुढचा नंबर." आणि शिपायाला म्हणाला, "सोड तिला." जसं दावणीचं जनावर सोडायला सांगतात तसं.

बाहेर जीपपाशी हिंदुराव रडत होता. खरंच रडत होता. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

"आक्का, आजपास्नं तुला माहेर न्हाई."

"इतकी वरसं कुठं होतं?"

तो जीपमध्ये बसला. वकील ओशाळल्यासारखे मागं बसले, त्यांनी खिडकीतून मला हात जोडले. जीप गेली. मला कसं जायचं, पैसे आहेत का, कुणी विचारलं नाही. मी कचेरीच्या पायरीवर बसले. उन्हं चढली होती. नवी साडी अंगाला टोचत होती.

जरा वेळानं डाळिंबी साडीवाली बाहेर आली. अंगठ्याला शाई होती, ती पदराला लागणार नाही अशा बेतानं हात धरला होता. भाऊ रसवंतीकडं रस सांगायला गेले होते. ती माझ्याजवळ टेकली.

"मी केली बया सही," ती म्हणाली. "तुझं बरं हाय. तू वेडी, तुला न्हाई म्हणता येतंय. कोण काय म्हणणार तुला? आमी शाण्या. आमी न्हाई म्हणलो तर आमालाबी वेडंच ठरवत्याल."

ती चेष्टा करत नव्हती. माझा हेवा करत होती. तिचे भाऊ रसाचा पेला घेऊन आले आणि ती लगेच तोंड हसरं करून उठली.

तिथं मात्र माझा राग अंगात मावेना. शिपायानं धरलं तेव्हा नव्हता आला एवढा आला. मी तो दाबला नाही, की गिळला नाही. सासू कानात काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही. ताईंना मी नंतर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हौसाक्का, रागही तब्येतीचाच भाग आहे, चांगला आला की तो पायात जातो.

पायातच गेला. मी उठले आणि त्याच इमारतीत परत शिरले. व्हरांड्यात पाट्या होत्या. एकेक अक्षर जुळवत मी तहसीलदार कचेरीचं दार शोधलं. दारातला शिपाई दुसरा होता. मी त्याला सांगितलं, मला बापाच्या जमिनीतला माझा वाटा वेगळा करून पाहिजे, अर्ज कुणाकडं द्यायचा? त्यानं आतल्या कारकुनाकडं बोट केलं.

पुढं काय झालं ते लांबलचक आहे. तारखा, मोजणी, हिंदुरावचे अर्ज, माझे अर्ज. ताई माझ्याबरोबर किती खेपा आल्या ते त्यांनाच ठाऊक. ते सांगत बसत नाही. सांगायचा होता तो हा एक दिवस.

कारकून तरुण होता. डबा खात होता. त्यानं माझं ऐकून घेतलं, माझ्या अंगावरची नवी साडी बघितली, माझ्या दंडावर उमटलेली बोटं बघितली आणि चपातीचा घास तोंडात घालत म्हणाला, "मावशी, असं एकटं नाही यायचं. ह्यातलं तुम्हाला काय समजणार? घरातलं कुणीतरी शहाणं माणूस बरोबर घेऊन या."

"घरातल्या शहाण्या माणसानंच आणली होती मला," मी म्हटलं. "तो गेला निघून. आता तुमी जेवून घ्या. मी बसते."

आणि त्याच्या टेबलापुढची खुर्ची ओढून मी बसले.